बाबांना बोलता येत नाही, पण आवडत्या गायकाचं गाणं म्हणता येतं. घरच्यांनी काय करावं?

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. तीन महिन्यांपूर्वी वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय कमजोर झालाय. बोलणं जवळपास गेलंय, 'हो', 'नाही' आणि एखादा अडखळता शब्द एवढंच उरलंय. पण ज्या गायकाची गाणी तुमच्या घरात तुमच्या जन्माआधीपासून वाजतायत, त्याचं गाणं लागलं की बाबा शब्दांसकट म्हणतात. म्हणून आई सकाळपासून रात्रीपर्यंत तीच गाणी लावून ठेवते. ताईची खात्री आहे की यातूनच त्यांची वाचा परत येणार. धाकटा भाऊ गाणं सुरू झालं की खोलीतून निघून जातो. एका गाण्याला बाबा दर वेळी रडतात. तुम्ही विचारताय की याचा खरंच उपयोग होतोय का, की आपण नुसती मनाची समजूत घालतोय. आणि पुढे ही गाणी कायमची आजारपणाची होऊन बसतील का?

मी पुनर्वसन विभागात संगीतोपचाराचं काम बरीच वर्षं करते. पक्षाघाताचे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं हाच माझा रोजचा संबंध. त्यावरून सांगते, तुमचा प्रश्न गाण्यांचा कमी आणि ऐकणाऱ्यांचा जास्त आहे. गायक एकच, पण त्याच्याकडून प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवंय. ताईला बरं होण्याची खूण हवीय, आईला घरातली शांतता भरून काढायचीय, भावाला त्या गाण्यांपासून सुटका हवीय, आणि बाबांना काय हवंय हे अजून कुणी नीट विचारलेलं दिसत नाही. गाण्यांचा आधार मिळतो, अगदी नक्की मिळतो. पण तो कुणी, कधी आणि किती ऐकायचं हे ठरवल्यावर मिळतो. दिवसभर लावून ठेवल्याने तो वाढत नाही.

काही गोष्टी मला इथून कळणं शक्य नाही. झटका मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागात होता, बाबांना समोरच्याचं बोलणं कितपत समजतं, ऐकू नीट येतं का, उजव्या बाजूचं दिसणं कमी झालंय का, यावर बरंच अवलंबून आहे. मेंदूला इजा झाल्यावर काही जणांना संगीतच बेसूर, सपाट किंवा नकोसं वाटू लागतं. उजव्या मेंदूतल्या आघातानंतर हे जास्त दिसतं. तुमचे बाबा आपणहून गातात म्हणजे तशी शक्यता कमी, तरी गाणं लागल्यावर चेहरा आक्रसतो का, मान फिरवतात का, इकडे लक्ष ठेवा. आणि खाली जे लिहितेय ते फिजिओथेरपी, स्पीच थेरपी आणि औषधांच्या जोडीला. त्यांच्याऐवजी नव्हे.

आधी ताईच्या आशेबद्दल, कारण तिथेच सगळ्यात मोठा गैरसमज होतो. बोलता न येणारा माणूस गाऊ शकतो, हे फार जुनं निरीक्षण आहे. स्वीडनच्या ओलोफ डालिन यांनी 1745 मध्ये अशाच एका रुग्णाची नोंद केली होती: उजवी बाजू लुळी, तोंडातून 'हो' एवढाच शब्द, पण प्रार्थनागीतं मात्र स्पष्ट म्हणायचा. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं मुख्य काम डावा भाग करतो, आणि शरीराची उजवी बाजू कमजोर झाली म्हणजे इजा डावीकडे आहे. गाण्यात मात्र दोन्ही भाग गुंतलेले असतात, त्यामुळे डावीकडे इजा होऊनही गाणं बऱ्याचदा शाबूत राहतं. वाचाघात, म्हणजे ज्याला डॉक्टर अफेजिया म्हणतात, तो पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना होतो. त्यामुळे गाणारा पण न बोलणारा रुग्ण आम्हाला नवीन नसतो. घरच्यांना मात्र तो चमत्कार वाटतो.

आता अवघड भाग. गाण्यातले शब्द म्हणणं आणि मनातलं बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेकडो वेळा ऐकलेल्या गाण्यातला एक शब्द तोंडात आला की पुढचा मागोमाग येतो, तो शोधावा लागत नाही. एक ते दहा अंक, वारांची नावं, तोंडात बसलेली शिवी, हे सगळं असंच बाहेर पडतं. जर्मनीतल्या संशोधकांनी 2011 मध्ये हे तपासलं तेव्हा दिसलं की अशा रुग्णांना मदत होते ती मुख्यतः तालाची आणि पाठ असलेल्या शब्दांची, चालीचा वाटा आपण समजतो त्याहून कमी. म्हणजे ज्या गाण्यात 'पाणी' हा शब्द आहे ते गाणं बाबांनी म्हटलं, तरी तहान लागल्यावर त्यांना पाणी मागता येईलच असं नाही. हे ताईला आत्ताच, हळुवारपणे सांगा. पाठ गाणी खणखणीत म्हणणारा माणूस बोलत नाही, तेव्हा घरच्यांच्या मनात एक वाईट विचार डोकावतो: 'गाता येतं, मग बोलत का नाहीत? प्रयत्नच करत नाहीत.' मी हे अनेक घरांत ऐकलंय. तसं नसतं. ते प्रयत्न करतात, तो रस्ता बंद आहे.

गाण्याच्या वाटेने बोलण्याकडे जाण्याची पद्धत मात्र आहे. बोस्टनमध्ये 1973 च्या सुमाराला ती मांडली गेली. त्यात पाठ गाणी वापरत नाहीत. रोजच्या गरजेची छोटी वाक्यं उंच आणि खालच्या अशा दोनच सुरांत म्हणायची, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने हलका ठेका द्यायचा, मग वाक्य वाढवत न्यायचं आणि शेवटी सूर काढून घेऊन साध्या बोलण्यावर यायचं. ज्यांना समोरचं बोलणं चांगलं समजतं पण स्वतःचं अडखळतं, त्यांना ही पद्धत मानवते. अमेरिकेच्या तेव्हाच्या संसद सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांना जानेवारी 2011 मध्ये डोक्यात गोळी लागली, त्यानंतर त्यांच्या उपचारांतही संगीताचा मोठा वाटा होता. पण त्याबरोबर वर्षानुवर्षांची स्पीच थेरपी होती, हे सांगताना लोक विसरतात. तुमच्या स्पीच थेरपिस्टना थेट विचारा, ही पद्धत बाबांना चालेल का. ताईची जी ऊर्जा गाणी लावण्यात जातेय, ती या रोजच्या सरावात लागली तर सोनं होईल.

मग पाठ गाण्यांचा उपयोग काय? माझ्या मते खूप. तोंड, जीभ, श्वास यांना काम मिळतं. आवाज बाहेर पडतो. आणि ज्या माणसाला दिवसभर प्रत्येक गोष्टीत 'जमत नाही' एवढंच कळतंय, त्याला एक गोष्ट जमते.

हे घरी कसं करायचं ते एका प्रसंगातून सांगते, ओळख पटेल असे तपशील वगळून. एक बाई होत्या, तुमच्या बाबांसारखीच अवस्था. त्यांची मुलगी रेकॉर्ड लावून 'म्हण ना, म्हण ना' करायची, आणि आई दोन ओळींनंतर मागे पडून गप्प व्हायची. आम्ही रेकॉर्ड बंद केली. मुलीला आईच्या समोर, जरा डाव्या हाताला बसवलं, ओठ दिसतील असं. मुलीने ध्रुवपद स्वतः म्हटलं, मूळ गाण्यापेक्षा संथ आणि थोड्या खालच्या पट्टीत, आणि ओळीतल्या शेवटच्या शब्दाआधी थांबली. थांबणं तिला फार जड गेलं. मी तिला मनात पाच आकडे मोजायला सांगितलं होतं. पहिल्यांदा काहीच आलं नाही. मुलीने शब्द स्वतः म्हणून टाकला आणि पुढे गेली. दुसऱ्यांदा आईचे ओठ मिटले, कारण शब्द 'म'ने सुरू होत होता. पुढच्या खेपेला घशातून आवाज आला, मग अर्धा शब्द, आणि मग अख्खा. मुलगी टाळ्या वाजवणार होती, तिला मी नजरेनेच थांबवलं. गाणं तसंच पुढे गेलं.

त्यातलं उचलण्यासारखं एवढंच: रेकॉर्ड कुणासाठी थांबत नाही, माणूस थांबतो. तुमचा गळा कितीही बेसूर असला तरी या कामाला तो मूळ गायकापेक्षा बरा. शब्द चुकला तर दुरुस्त करू नका. 'सांगा बघू, पुढे काय?' हा प्रश्न तर कधीच नको, त्या क्षणी गाण्याची परीक्षा होते. पाहुण्यांसमोर 'बाबा, गाऊन दाखवा' हेही नको.

नुसतं ऐकण्याबद्दल बोलू. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी 2008 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षाघात झालेले 60 रुग्ण घेतले आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाने स्वतःच्या आवडीचं संगीत दोन महिने रोज निदान तासभर ऐकलं, दुसऱ्याने ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकली, तिसऱ्याला यातलं काहीच दिलं नाही. नेहमीचे उपचार सगळ्यांना होतेच. संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि लक्ष एकाग्र करण्याची क्षमता बाकीच्यांपेक्षा जास्त सुधारली, उदासीही कमी राहिली. पुढे 2020 मध्ये दोन चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पाहिले, तेव्हा शब्द असलेली गाणी स्मरणशक्तीच्या बाबतीत नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा सरस ठरली. तेव्हा तुमची आई करतेय ते निराधार नाही. फक्त दोन गोष्टी लक्षात घ्या. निवड रुग्णाची होती, आणि ते लक्ष देऊन ऐकणं होतं, घरभर चालू असलेला आवाज नव्हे.

दिवसभर गाणी चालू ठेवण्याला माझा विरोध आहे आणि तो स्पष्ट सांगते. वाचाघात झालेल्या माणसाला समोरच्याचं बोलणं समजून घ्यायला आधीच कष्ट पडतात. मागे गाणं चालू असेल, त्यातही शब्द असलेलं, तर त्याच्या कानावर एकाच वेळी दोन बोलणी आदळतात. आई काही विचारते, बाबा भलतंच उत्तर देतात किंवा चिडतात, आणि घरात निष्कर्ष निघतो की त्यांना समजत नाही. एकदा गाणं बंद करून, समोर बसून, एकेक छोटं वाक्य बोलून पाहा. बरीच कुटुंबं त्या दिवशी चकित होतात. दुसरं म्हणजे थकवा. झटक्यानंतरचा थकवा झोपेने भरून न येणारा असतो, आणि मेंदूला खरी शांतता लागते. तिसरं कारण साधं आहे. सतत कानावर पडणारं गाणं ऐकू येईनासं होतं. आवडत्या गायकाचं असं व्हावं असं तुम्हालाही वाटणार नाही.

त्यापेक्षा दिवसातून दोन बैठका ठेवा, अर्ध्या-पाऊण तासाच्या. एक सकाळी, व्यायामाआधी किंवा नंतर. दुसरी बाबा निवडतील तेव्हा. निवडायची कशी? तीन-चार गाण्यांचे मुखडे थोडे थोडे वाजवा आणि बोट किंवा मान हलवून सांगू द्या. जाड कागदावर 'पुन्हा', 'दुसरं', 'पुरे' असं मोठ्या अक्षरात लिहा, जोडीला साधी चित्रं काढा, कारण वाचणंही बिघडलेलं असू शकतं. 'पुरे'चा कागद त्यांच्या डाव्या हाताशी ठेवा. ज्याला आजारपणात स्वतःचं काहीच ठरवता येत नाही, त्याला गाणं बंद करण्याचा अधिकार फार मोठा वाटतो. त्यांनी तो वापरला की गाणं लगेच थांबलं पाहिजे, कडवं अर्धं राहिलं तरी.

गाण्यांचा क्रम लावताना आमच्याकडे 1940 च्या दशकापासूनचं एक तत्त्व वापरतात: माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिथून सुरुवात करायची आणि हळूहळू हव्या त्या दिशेला न्यायचं. बाबा खिन्न असतील तर पहिलंच गाणं उडत्या चालीचं लावू नका, ते अंगावर येतं. आधी संथ, मग मध्यम, मग त्यांना मानवेल तेवढं चढं. तुमच्या गायकाची बरीच गाणी घरात आहेत म्हणता, म्हणजे हे जमेल.

चालण्याच्या व्यायामालाही गाणं लावता येतं, पण ते फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आणि कुणीतरी शेजारी असताना. आधी बाबांची पावलं पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायची, तेवढ्याच ठेक्याचं गाणं शोधायचं. जलद गाण्यामागे पाय ओढत नेले तर तोल जाईल.

आता रडण्याबद्दल. बाबा रडायला लागले की सगळे धावत जाऊन गाणं बंद करतात, असं तुम्ही लिहिलंय. थोडं थांबा. रडणं तीन प्रकारचं असू शकतं आणि तिन्हींना उत्तर वेगळं आहे.

पहिला प्रकार आजाराचाच भाग असतो. झटक्यानंतरच्या महिन्यांत साधारण पाचातल्या एकाला भावना आवरणं अवघड होतं. रडू अचानक फुटतं, कारणाच्या मानाने खूप जास्त असतं आणि तसंच अचानक थांबतं. कधी रडण्याऐवजी हसू येतं. त्या माणसाला आतून तेवढं दुःख झालेलंही नसतं, उलट लाज वाटते. अशा वेळी गडबड करू नये, हातावर हात ठेवावा, लक्ष दुसरीकडे वळवावं, आणि डॉक्टरांना सांगावं, कारण यावर औषधं आहेत.

दुसरा प्रकार आपल्या सगळ्यांचाच. करुण गाणं ऐकून डोळे भरतात आणि तरी ते पुन्हा ऐकावंसं वाटतं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 772 जणांना विचारलं की उदास संगीत ऐकून काय वाटतं, तेव्हा सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर दुःख नव्हतं, गतकाळाची ओढ होती. बाबांचं ते गाणं कुठल्या काळाचं आहे, हे आईला विचारा. बहुतेक वेळा आईला माहीत असतं. असं रडणं थांबवायचं नसतं. सोबत बसायचं, गाणं संपू द्यायचं, मग तो कागद पुढे करायचा. 'पुन्हा'वर बोट गेलं तर तुम्हाला उत्तर मिळालं.

तिसरा प्रकार काळजीचा. झटक्यानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं. खाणं-झोप बिघडते, व्यायामाला नकार येतो, माणसं नकोशी होतात. आणि आमच्या दृष्टीने एक मोठी खूण म्हणजे आवडीचं गाणंही नको होतं, किंवा एकच दुःखी गाणं पुन्हा पुन्हा ऐकून प्रत्येक वेळी मन आणखी खाली जातं. नैराश्यात घोळत राहण्याचा स्वभाव असलेल्यांना उदास गाणी मोकळं करत नाहीत, अडकवतात. असं दिसलं तर गाण्यांची यादी बदलत बसू नका, डॉक्टरांची वेळ घ्या.

धाकट्या भावाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली. तो एकोणीस वर्षांचा आहे. त्या गायकाची बहुतेक गाणी त्याच्या जन्माआधीची, म्हणजे ती 'त्याची' नाहीत असं घरात कुणाला वाटत असेल. पण अमेरिकेत 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विशीतल्या विद्यार्थ्यांना अनेक दशकांची लोकप्रिय गाणी ऐकवली, तेव्हा त्यांच्या आठवणी आणि आवड स्वतःच्या काळातल्या गाण्यांपुरती नव्हती. आईवडील तरुण असतानाच्या गाण्यांपाशी ती पुन्हा वर चढली, आणि आजीआजोबांच्या काळाशी आणखी एकदा. घरात वाजणारी गाणी मुलांच्या आत अशी जाऊन बसतात. तुमच्या भावाने तो गायक एकट्याने कधी ऐकलाच नसेल. त्याने ऐकला तो बाबांच्या आवाजासकट: बाबांची शीळ, त्यांचे चुकीचे शब्द, मध्येच 'ही जागा ऐक' म्हणणं. आता गाणं तेच आहे आणि वरचा तो आवाज नाही, किंवा अडखळत, लडबडत येतोय. तो उठून जातो याचा अर्थ त्याला काही वाटत नाही असा काढू नका. मला तर वाटतं, घरात ती गाणी सगळ्यात जास्त त्यालाच ऐकू येत असणार.

केनिया, फिलिपीन्स, न्यूझीलंड आणि जर्मनी या चार देशांतल्या तरुणांवरचा 2014 चा एक अभ्यास सांगतो की घरच्यांसोबत संगीत ऐकणाऱ्यांना कुटुंबाशी जवळीक जास्त वाटते. पण अशा अभ्यासातून कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे ठरत नाही. जवळीक आहे म्हणून एकत्र ऐकत असतील. तेव्हा भावाला जबरदस्तीने आणून बसवलं की जवळीक होईल, असं कृपा करून समजू नका. 'बाबांसाठी एवढंही करत नाहीस?' हे वाक्य तर घरातून हद्दपार करा.

त्याला काम द्या. समोर बसायचं नाही, गाण्यांचं काम करायचं. यादी लावायची, जुनी ध्वनिमुद्रणं शोधायची, स्पीकर कुठे ठेवला की बाबांना नीट ऐकू येतं ते पाहायचं. एका घरातला असाच मुलगा आईच्या बैठकीत कधी आला नाही. पण बाहेरच्या खोलीत बसून त्याने प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांतल्या शेवटच्या टाळ्या कापून टाकल्या. गाणं संपलं की एकदम कडकडाट व्हायचा आणि आई दचकायची, हे दाराआडून त्याच्याच लक्षात आलं होतं. आम्हा कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

आणि आई. ती गाणी बाबांसाठी लावते असं म्हणत असेल, पण ज्या घरात बोलणारा माणूस गप्प झालाय त्या घरातली शांतता तिला सहन होत नसेल तर नवल नाही. सांभाळणारी व्यक्ती हा या सगळ्यातला नेहमी विसरला जाणारा श्रोता आहे. बैठका दोनच ठेवायच्या म्हटल्यावर तिचा आधारच काढून घेतल्यासारखं तिला वाटेल, म्हणून तिच्यासाठी वेगळी सोय करा. दिवसातला थोडा वेळ बाबांजवळ दुसरं कुणी बसेल, आई हेडफोन घेऊन वेगळ्या खोलीत जाईल आणि तिला हवं ते ऐकेल. कदाचित तो गायक नसेलही. मी विचारल्यावर काही जणींनी हळूच सांगितलंय की तो गायक मुळात नवऱ्याच्या आवडीचा, त्यांना स्वतःला वेगळंच काही आवडायचं.

गाणी आजारपणाची होऊन बसतील का, या तुमच्या भीतीला मी 'नाही' म्हणणार नाही. होऊ शकतात. एखाद्या काळात सतत वाजलेलं गाणं त्या काळाला चिकटतं, मग तो काळ चांगला असो की वाईट. म्हणून काही गाणी आत्ताच बाजूला काढा, ती या दिवसांत वाजवायचीच नाहीत. कुठली, ते प्रत्येकाने आपापलं सांगावं, कारण विचारायची गरज नाही. सुई टोचताना, दुखरा व्यायाम करताना ठेवणीतलं गाणं लावू नका. वेदना आणि भीती कमी करायला संगीत उपयोगी पडतं, शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरच्या 70 हून अधिक चाचण्या, म्हणजे जवळपास 7000 रुग्ण, एकत्र पाहून 2015 मध्ये तेच दिसलं होतं. पण त्या कामाला दुसरं कुठलंही बरं वाटणारं संगीत चालतं. आणि गोळ्यांच्या वेळेचा गजर म्हणून त्या गायकाचं गाणं मोबाइलवर ठेवलं असेल तर आजच काढा. हा प्रकार मी खूप घरांत पाहिलाय, हेतू चांगला असतो आणि महिन्याभरात ते गाणं कुणालाच सोसवत नाही.

एवढं करूनही दोन-चार गाणी बदलतीलच. त्यांचा अर्थ आता पूर्वीचा राहणार नाही, आणि ते मला फारसं वाईट वाटत नाही. बाकीची राखली गेली म्हणजे झालं.

म्हणजे आत्ता, या आठवड्यात, काय: गाणी दोन वेळांपुरती आणि बाबांच्या निवडीने, 'पुरे'चा कागद त्यांच्या हाताशी, ताईने स्पीच थेरपिस्टशी बोलायचं, भावाला खोलीबाहेरचं काम, आईला तिची वेगळी वेळ, आणि रडण्याबद्दल डॉक्टरांशी बोलणं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, त्या गायकाच्या पुढच्या कार्यक्रमाला बाबांना न्यावं का. आधी डॉक्टरांना विचारा. झटक्यानंतर फिट आल्या असतील किंवा रक्तदाब अजून हलत असेल तर लांबणीवर टाका. परवानगी मिळाली तर बाबांना चित्र दाखवून विचारा आणि दोन वेगळ्या दिवशी विचारा, उत्तर तेच येतंय का पाहा. आश्चर्याचा धक्का म्हणून नेऊ नका. कडेची, दाराजवळची आणि स्पीकरपासून लांबची जागा घ्या, व्हीलचेअर आत जाते का आणि स्वच्छतागृह किती लांब आहे हे आधी स्वतः जाऊन बघा. कानात घालायची बुचं जवळ ठेवा. त्या दिवशी दुपारी दुसरं काहीही नको, झोप हवी. मध्यंतराला परत निघायचं असं ठरवूनच जा, बाबांनी थांबायचं म्हटलं तर थांबा. आणि भावाचं तिकीट त्याला विचारून काढा. तो नको म्हणाला तर त्या संध्याकाळी तुम्हाला सोडायला-आणायला येशील का, तेवढं विचारा.